शाडूची भाकरी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, पेणच्या दादाजवळ नाही, माझ्या लेकीजवळ तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी दुसऱ्याच चुका सांगते — उपास मोडला, सासूबाईंना तोडून बोलले, असल्या. ही एक मागे ठेवते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडेल असं वाटतं. बघू.

आधी एक सांगून ठेवते. मला दारूचा वास लांबून कळतो. माझे वडील प्यायचे. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. शाडू, रंग, काथ्या, ओलं प्लॅस्टर — एवढे वास एकत्र असायचे, तरी वडील दारातून आत आले की मला कळायचं, सरळ घरी आलेत की वाटेत थांबून आलेत. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. ते नाक अजून तसंच आहे. म्हणून पुढे मी जे केलं ते गैरसमजातून झालं असं कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

आणि तरी बघा, मुद्द्यावर यायचं सोडून मी वडिलांची दारू सांगत बसले. मला हीच सवय. असो — मशीनपासून सुरुवात करते.

लग्न होऊन मी कोलाडजवळच्या खांब गावी आले. हायवेला लागून सासऱ्यांची खानावळ होती, ती पुढे माझ्या गळ्यात पडली. माझा हात भाजीला चांगला, माशाच्या कालवणाला तर फारच चांगला, पण तांदळाची भाकरी मला कधी जमली नाही. कारखान्यातल्या मुलीला माती मळता येते, पीठ नाही, असं सासूबाई म्हणायच्या. भाकऱ्या करायची सोमी.

सोमी नदीकडच्या कातकरी वाडीतली. पहिल्यांदा आली ती खेकडे विकायला. मग भांड्यांना थांबली. मग एकदा भाकरीवाली बाई आली नाही आणि गिऱ्हाईक खोळंबलं, तेव्हा तिनं हात धुतले आणि विचारलं, करू का गो वयनी? त्या दिवसापासून चौदा वर्षं तिनंच केल्या. मागच्या पडवीत, चुलीवर. मागच्या पडवीत का? धूर होतो म्हणून, असं मी सांगायचे. धूर व्हायचाच. पण भाकरी कोण करतं हे पुढे बसणाऱ्या सगळ्यांना दिसू नये, हेही होतं. गावातली काही माणसं वाडीतल्या बाईच्या हातचं खाणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. ती माणसं भाकरीची तारीफ करत करत खायची आणि मी गप्प राहायचे. बघा, गप्प राहायची सवय मला तेव्हापासूनची.

सोमीच्या उजव्या हाताचं शेवटचं बोट, करंगळी, वाकडं होतं. लहानपणी खेकडे धरताना दगडाखाली चेचलं, ते परत सरळ झालंच नाही. परातीत भाकरी थापली की तिच्या बोटांचे खळगे उमटायचे — तीन सरळ, चौथा आडवा, नखाएवढा. मला त्या खळग्यांत तूप घालून खायला आवडायचं. हे सांगणं जड जातंय, पण सांगायलाच हवं.

हायवे रुंद झाला, कोलाडला नदीवर राफ्टिंगवाले आले, फार्महाऊसं झाली. मुंबई-पुण्याच्या लोकांना सुट्टीत तांदळाची भाकरी हवी असते. घरी करणार नाहीत, इथे येऊन मागतील. आजूबाजूचे ढाबेवाले, कॅम्पवाले मला विचारू लागले की आम्हाला भाकऱ्या पुरवाल का. व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी यायला लागल्या. सोमी आणि तिच्या हाताखाली दोघी, तरी पुरे पडेना. मग ह्यांनी रोह्याच्या एका मिस्त्रींकडून भाकरीचं मशीन बनवून घ्यायचं ठरवलं. मळायचं भांडं, गोळे तोडायची नळी, दोन तापलेल्या पाट्यांचा दाब, आणि पुढे सरकत्या पट्ट्याखाली गॅसच्या बत्त्या.

मशीन आलं आणि आठवडाभर आम्ही रडकुंडीला आलो. मिस्त्रींनी आजवर चपातीची मशीनं केलेली. गव्हाचं पीठ ताणलं तरी धरून राहतं, तांदळाचं राहत नाही. कडा फाटायच्या, मधे भेगा, पापुद्रा सुटायचा नाही. मिस्त्री दाब वाढवायचे, कमी करायचे, कपाळाला हात लावायचे. सोमी दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. म्हणाली, उकड शिजलीच नाय, तुम्ही लगीच मळायला घेताय. वाफ गप होईपर्यंत झाकून ठेवा, मग मळा, आणि मळताना पाणी ऊन पाहिजे. मिस्त्रींनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिली भाकरी टम्म फुगली, तेव्हा सगळ्यात जास्त हसली ती सोमी. तिनं मशीनला भाकरी शिकवली. तिला वाटलं, आता वयनीचा त्रास कमी होणार. तिनं स्वतःचा विचार केलाच नाही. मी केला होता — पण वेगळा.

आता मशीनमधून भाकऱ्या उतरू लागल्या. गोल, पातळ, सारख्या. आणि परत येऊ लागल्या. कॅम्पवाले म्हणायचे, ताई, ही मशीनची दिसते. लोक भाकरी हातात घेऊन उलटून बघतात, बोटं दिसली नाहीत की तोंड वाकडं करतात. चव तीच होती हो. उकड सोमीचीच होती. पण गिऱ्हाईकाला बोटं हवी होती.

बोटं कुठून आणायची, हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मिस्त्रींना नाही, ह्यांना तर नाहीच. ते मलाच सुचायचं होतं, कारण मी साच्यांच्या घरात वाढले. मूर्तीवर दागिन्याची नक्षी एकदाच हातानं कोरायची, तिच्यावर साचा घ्यायचा, मग ती हजार मूर्तींवर तश्शी उमटते — हे मी अक्षरओळख व्हायच्या आधी बघितलेलं. सोमीनं एक भाकरी मातीत थापायची. तिच्यावर प्लॅस्टर ओतायचं. खळग्यांच्या जागी उंचवटे येतील. तश्शी पाटी धातूत ओतून मशीनच्या वरच्या बाजूला बसवायची. झालं.

एवढंच असतं, तर मी तिला सरळ सांगू शकले असते. सोमे, तुझ्या बोटांचा ठसा हवाय. ती नाही म्हणाली नसती, ती मला कशालाच नाही म्हणत नसे. मग का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं — मग माझं काय काम, वयनी? आणि त्याचं उत्तर मी आधीच ठरवलं होतं.

म्हणून मी खोटं बोलले. आणि साधं खोटं नाही. मी तिला सांगितलं की दादाच्या गणपतीपुढे यंदापासून दरवर्षी देखावा आहे, कोकणातल्या स्वयंपाकघराचा. मातीची चूल, मातीची परात, आणि परातीत मातीची भाकरी. ती तुझ्या हातची हवी. गणपतीपुढे ठेवायची आहे.

सोमी माझ्याकडे बघतच राहिली. वाडीतल्या बाईच्या हातची भाकरी गणपतीपुढे. चौदा वर्षं मी जिला मागच्या पडवीत बसवलं, तिला मी हे सांगत होते. मी इतकं नेमकं खोटं निवडलं होतं. विचार करून निवडलं होतं की तोंडातून गेलं, हे आज मला सांगता येत नाही — विचार करूनच असणार.

उन्हाळ्याचे दिवस होते, कारखान्यात काम जोरात. ती माझ्याबरोबर एसटीनं पेणला आली. डोक्यावरून न्हालेली, लग्नातलं पातळ नेसलेली, केसांत अबोलीचा गजरा. दादाच्या बायकोनं पोहे पुढे केले तर ती घेईना. म्हणाली, "देवापुढं जायचीय ना ती? मंग आधी करते, खाते मागनं. उष्ट्या हाताची नको."

दादानं शाडूचा गोळा दिला. तिनं तो हातात फिरवला, थंड हाय म्हणाली आणि हसली. मग मांडी घालून परातीत थापायला घेतली. आजूबाजूला अर्धवट गणपती ओळीनं उभे — रंग नाही, डोळे नाहीत. ती मधेच डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मी शेजारी उभी होते. मला रडू आलं का? नाही. खोटं कशाला सांगू. मी बघत होते की चौथा खळगा नीट उमटतो आहे की नाही. तीच तर तिची सही होती.

भाकरी झाली तेव्हा तिनं तिला वाकून नमस्कार केला. स्वतःच थापलेल्या मातीला.

पंधरा दिवसांत मिस्त्रींनी ओळखीच्या ओतकामवाल्याकडून पाटी ओतून आणली. ती बसवल्यावर उतरलेली पहिली भाकरी मी हातात घेतली. तीन सरळ, चौथा आडवा. कॅम्पवाल्यांकडून एकही परत आली नाही. मी खानावळीवर नवा बोर्ड लावला — हाताने थापलेली तांदळाची भाकरी.

सोमीला मी काढलं नाही. असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगायचे. उद्या नको येऊस, परवा ये. आज काम कमी आहे, सोमवारी बघू. असं करत करत एका सोमवारी ती आली नाही, मग आलीच नाही. वाटेत भेटली की हसायची. रस्त्याच्या कामावर जायची, कुणाच्या भाताच्या लावणीला जायची. आणि दरवर्षी गणपती झाले की हटकून विचारायची — वयनी, बसली का गो माझी भाकरी? मी म्हणायचे, बसली. लोकं बघायला येतात का? मी म्हणायचे, येतात तर, फोटो काढतात. तीन वर्षं ती विचारत राहिली आणि तीन वर्षं मी सांगत राहिले. त्या फोटोंमधला एखादा दाखव असं ती कधी म्हणाली नाही.

मग त्यांच्या वाडीत एका संस्थेचं आरोग्य शिबिर झालं. जेवणाची पाकिटं माझ्याकडून गेली. भाकऱ्या, मुगाची उसळ, लोणचं. ऑर्डर कुठली आहे ते मी वाचलं होतं. वाचूनसुद्धा माझ्या काही लक्षात आलं नाही, इतकी मी निर्धास्त झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला, सगळी टेबलं भरलेली असताना, सोमी पुढच्या दारानं आत आली. चौदा वर्षांत ती पुढच्या दारानं कधी आली नव्हती. हातात फडक्यात गुंडाळलेल्या तीन भाकऱ्या. तिनं त्या माझ्या गल्ल्यावर शेजारी-शेजारी मांडल्या आणि आवाज न चढवता म्हणाली,

"वयनी, ही माझी बोटं हायत."

मी म्हटलं, काय बोलतेस. ती म्हणाली, "माझ्या हातच्या दोन भाकऱ्या कवा सारख्या नसत गो. या तिन्ही एकच हायत."

आणि तिनं आपला उजवा हात त्यातल्या एका भाकरीवर ठेवला. बोटं खळग्यांत बसली. चौथंही बसलं. जवळच्या टेबलावर गावातली चार माणसं होती, पलीकडे पुण्याची दोन कुटुंबं, दारात एक कॅम्पवाला डबे न्यायला आलेला. सगळे बघत होते. डोक्यावर बोर्ड — हाताने थापलेली. कॅम्पवाल्यानं मानही वर केली बोर्डाकडे.

मी काय काय बोलू शकले असते! बस, सोमे, आत ये, सांगते. एवढं तरी. आत नेलं असतं तर ती आली असती. ती भांडायला आलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला फक्त माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी हसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि थोडं लाडानं बोलावं तसं म्हटलं,

"सोमे, आज भर दुपारीच लावून आलीस व्हय गो?"

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. साचा नाही, देखाव्याचं खोटं नाही, काम काढून घेतलं तेही नाही — त्या सगळ्यांना माझ्याकडे काही ना काही कारणं आहेत, धंद्यात सगळेच देतात तशी. ह्या एका वाक्याला नाही. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. तिच्या अंगाला ओल्या गवताचा आणि राखेचा वास होता. दारूचा नव्हता. ती आयुष्यात प्यायली नव्हती. तिचा नवरा पिऊन पिऊनच मेला, त्यानंतर घरात कुणी बाटली आणली की ती चुलीत ओतायची, हे तिनंच मला भाकऱ्या करता करता सांगितलं होतं. आणि मी तिला माझ्या वडिलांचं सांगितलं होतं. ते दुसऱ्या कुणाला मी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे तिला ते वाक्य ऐकताना कळलं असणार — की ही मुद्दाम बोलतेय. हिला वास कळतो.

टेबलावरची माणसं हसली. लगेच हसली. त्यांना काही पटवून द्यावं लागलं नाही. वाडीतली बाई, दुपारची वेळ, भाकरीत आपली बोटं शोधते आहे — मी नुसती ठिणगी टाकली, बाकीचं त्यांच्याकडे तयारच होतं. ते तयार आहे हे मला माहीत होतं. म्हणून तर बोलले. दुसऱ्या जातीची बाई असती तर मी हे वाक्य उच्चारलंच नसतं. कॅम्पवालाही हसला आणि डबे उचलून गेला.

सोमीनं भाकऱ्या पुन्हा फडक्यात बांधल्या. घाई केली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या दारानंच बाहेर गेली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर? नाही थांबलं. असल्या बोलण्याला पाय फुटतात. गावच्या शाळेत खिचडी शिजवायला मदतनीस हवी होती आणि सोमीचं नाव जवळजवळ ठरलं होतं. वाडीतल्याच पोरांना जेवण करून घालायचं काम, शाळा घरापासून दहा मिनिटांवर. शाळा समितीतले एक गृहस्थ जेवायला आले तेव्हा हात धुताना त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे होती ना ती? पिते म्हणे. खरं काय?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तेवढ्यानं झालं असतं. पण नाही म्हटलं तर मग त्या दिवशीचं काय, हा प्रश्न आला असता. त्या दिवशीचं काय, म्हणजे बोटं कुणाची, म्हणजे बोर्ड. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. मी त्यांच्या हातात टॉवेल दिला आणि म्हटलं, आता काय सांगावं.

काम दुसरीला मिळालं. दिवाळीनंतर सोमी मुलीला, सुरेखाला, घेऊन वीटभट्टीवर गेली. तिकडे लांब, कल्याणच्या पुढे कुठेतरी. वाडीतली निम्मी घरं जातात, पण माझ्याकडे असताना ती चौदा वर्षं गेली नव्हती. पोरीची शाळा सुटली ती तेव्हाच. भाकऱ्या थापणारे हात आता विटांची माती थापत होते. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, बोलता बोलता कळलं. मी हं म्हटलं आणि भाजीला फोडणी दिली.

दोन पावसाळे गेले. मग एकदा सासूबाईंचे डोळे तपासायला रोह्याच्या सरकारी दवाखान्यात गेले, तर जिन्याशी सुरेखा दिसली. मला टाळता आलं असतं. पण तिनंच ओळखलं, वयनी म्हणाली आणि हाताला धरून आत घेऊन गेली. तिला काही माहीत नव्हतं. आईनं पोरीला सांगितलंच नव्हतं.

सोमी खाटेवर होती. छाती भरलेली. एवढीशी झालेली. हात चादरीवर होते — तळवे तडकलेले, नखांत माती बसलेली, ती आता निघणारी नव्हती. वाकडं बोट तेवढं तसंच. सुरेखा औषध आणायला गेली तेव्हा ती हळूहळू बोलायला लागली. मधे मधे दम लागायचा. म्हणाली,

"मला समजलं सगलं. त्या मातीवरनं केलंस. ते असूं दे. पन एक इचारू? आधी ती देवापुढं बसलेली का गो?"

तिनं बाकी काहीच विचारलं नाही. दारूचं नाही, शाळेचं नाही. तिला एवढंच हवं होतं.

मी म्हटलं, बसली होती. पहिल्या दिवसापासून विसर्जनापर्यंत.

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. चार दिवसांनी ती गेली. वाडीतून निरोप आला होता. मी गेले नाही.

तुम्हाला वाटेल, मरणाऱ्या बाईचं मन राखलं, त्यात काय एवढं. मलाही काही दिवस तसं वाटून घ्यावंसं वाटलं. पण मी तेव्हा तिचा विचार करत नव्हते. खाटेच्या पायथ्याशी दुसऱ्या पेशंटची माणसं बसली होती आणि मला भीती वाटत होती की ही मोठ्यानं बोलेल.

ती मातीची भाकरी कुठे गेली ते सांगते आणि थांबते. अर्ध्या तासात प्लॅस्टर घट्ट झाल्यावर साचा उचलला, तेव्हा ती तुकडे होऊन साच्यालाच चिकटून आली. मी बोटांनी खरवडून काढली. शाडू आम्ही वाया घालवत नाही, पाण्याच्या हौदात टाकून परत मळतो. मी हौदापाशी गेलेही. निदान ती माती एखाद्या मूर्तीत गेली असती, देवापुढे नाही तर देवातच बसली असती — असं म्हणून मला हे पांघरूण घेता आलं असतं. पण प्लॅस्टरचे कण मिसळलेली माती मूर्तीला चालत नाही, तडे जातात. दादा म्हणाला, मागे टाक. मी ती टोपलीत भरली आणि कारखान्यामागच्या खड्ड्यात ओतली, रंगाच्या रिकाम्या डब्यांवर. सोमी तेव्हा पुढच्या ओटीवर बसून पोहे खात होती. हात धुऊन मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि चहा घेतला.

मशीन चालू आहे. ओतीव पाटी लवकर झिजत नाही. रोज सकाळी सहाला उकड निघते, आणि पहिली भाकरी मी स्वतः तपासते, कारण दाब बरोबर बसलाय की नाही ते तिच्यावरून कळतं. सरळ तीन खळगे कसेही उमटतात. आडवा, नखाएवढा चौथा — दाब कमी असेल तर तो उमटत नाही. तो नीट दिसला की मी मान हलवते आणि पुढच्या भाकऱ्या सोडायला सांगते.